पृथ्वीची चाल आणि मृगाची पेरणी

(यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात, शाळेच्या पटांगणावर, विद्यार्थी व त्यांचे मायबाप यांच्यापुढे झालेले व्याख्यान.)



आजचा विषय पृथ्वीच्या चालीचा आहे. शाळेच्या पुस्तकात तो थोडक्या पानांत आटोपलेला असतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, सूर्याभोवती फिरते, तिचा आस कललेला आहे, एवढे मुले घोकतात, परीक्षेत उतरवतात आणि गुण घेतात. मग तीच मुले घरी जातात. घरी आजोबा विचारतात, यंदा मृगाचे वाहन कोणते? ग्रहण लागले म्हणजे गरोदर सुनेला कोपऱ्यात बसवतात. लेकीची पत्रिका घेऊन बाप गावोगाव हिंडतो आणि मंगळ आडवा आला म्हणून हात हलवीत परत येतो. शाळेतली पृथ्वी निराळी आणि घरातले आकाश निराळे, अशी पोराच्या डोक्यात दोन दालने होतात, आणि मधले दार बंद. ते दार उघडावे म्हणून आज आम्ही मुलांबरोबर मायबापांनाही बोलावले आहे.

प्रथम एक गोष्ट सांगून ठेवतो. गुरुजी सांगतात म्हणून मानू नका. भटजी सांगतात म्हणून मानणे जसे वाईट, तसेच गुरुजी सांगतात म्हणून मानणेही वाईटच. आजच्या विषयातले पुष्कळसे असे आहे की, ते एका काठीने ज्याचे त्याला तपासून पाहता येते. त्या काठीपासूनच आरंभ करू.

बरोबर 100 सेंटीमीटर लांबीची सरळ काठी घ्या. जागा सपाट असावी. गवंडीदादांच्या ओळंब्याने काठी उभी करा, सुतारदादांचा गुण्या लावून ती कोठे झुकली नाही ना हे पाहा. सकाळी सावली पश्चिमेला लांब पडते, हळूहळू आखडते, आणि दुपारी एका क्षणी सर्वांत आखूड होऊन पुन्हा वाढू लागते. तो क्षण म्हणजे खरी दुपार. तेव्हा घड्याळात बारा वाजलेले नसतात. आपल्या देशाचे घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावरचे, आणि यवतमाळ आहे अठ्ठ्याहत्तर रेखांशाजवळ. सूर्याला तेथून येथे यायला सतरा-अठरा मिनिटे लागतात. त्यातही ऋतूप्रमाणे काही मिनिटांचा फरक पडतो, म्हणून मे महिन्यात आपली दुपार बारा वाजून चौदा मिनिटांच्या सुमारास होते, जुलैत बारा चोवीसला.

आता या दुपारच्या सावलीचे वर्षभराचे टिपण ठेवले तर काय दिसेल? 22 डिसेंबरास यवतमाळात ती सुमारे 96 सेंटीमीटर भरते, म्हणजे जवळजवळ काठीएवढी. 21 मार्चच्या सुमारास 37 सेंटीमीटर. पुढे आखडत आखडत 22 मेच्या सुमारास ती नाहीशीच होते. माणूस उभा राहिला तर सावली त्याच्या पायांखाली जाते. मग 21 जूनला पाहा, सावली परत दिसते, पण आता ती उत्तरेला नसून दक्षिणेला पडते. लांबी अवघी पाच सेंटीमीटर, पण दिशा उलटी! म्हणजे सूर्य आपल्या डोक्यावरून पलीकडे, उत्तरेला गेलेला असतो. 21 जुलैच्या सुमारास परतताना तो पुन्हा डोक्यावर येतो आणि सावली दुसऱ्यांदा गडप होते. जुलैचा दिवस ढगांमुळे बहुधा हातचा जातो, मेचा मात्र सापडतो.

याच सावलीत आणखी एक मौज आहे. सावली हरवण्याचा दिवस सगळ्या जिल्ह्यात एक नसतो. दक्षिणेस उमरखेडला तो 18-19 मेला येतो, वणीला 20-21 मेला आणि यवतमाळला 22 मेला. धरती पाटासारखी सपाट असती, आणि सूर्य आहे तितका दूर असता, तर सर्व गावी सावली एकाच दिवशी हरवली असती. ती निरनिराळ्या दिवशी हरवते, कारण जमीन वाकलेली आहे. उत्तर-दक्षिण सरळ 111 किलोमीटर गेले म्हणजे सूर्य आकाशात एक अंश सरकतो. वर्तुळाचे अंश 360. मुलांनो, गुणाकार करा. 39,960 आले ना? पृथ्वीचा घेर सुमारे 40,000 किलोमीटर आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी मिसर देशात एराटोस्थेनीस नावाच्या विद्वानाने ह्याच रीतीने, सावल्या मोजून, पृथ्वीचा घेर काढला होता. त्याच्याजवळ दुर्बीण नव्हती. आपल्याजवळ काठी आहे, ओळंबा आहे, आणि गावातून गावात फोन लावण्याची सोय आहे.

आता पृथ्वीच्या पहिल्या चालीकडे वळू. ती स्वतःभोवती फिरते. हे शिकवताना एका मुलाने विचारले, ‘‘गुरुजी, धरती फिरते तं मंग आपल्या विहिरीतलं पाणी काहून सांडत नाही?’’ वर्गातली पोरे हसली. आम्हाला मात्र हा प्रश्न फार मोलाचा वाटला, कारण हाच प्रश्न मोठमोठ्या पंडितांनीही विचारलेला आहे. यवतमाळच्या ठिकाणी जमीन ताशी सुमारे 1,565 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावते आहे. विहीर, पाणी, बैल, वारा आणि आकाशातली घार ही सर्व त्या वेगानेच धावत आहेत. बैलगाडी खाचखळग्यांतून चालली म्हणजे डोक्यावरची घागर हिंदकळते. रेल्वे सरळ रुळावर एकसारख्या वेगाने पळत असली, तर हातातला चहा तसाच राहतो. पृथ्वीच्या वाटेत खाचखळगे नाहीत, धक्का नाही, म्हणून चाल कळत नाही. आणि पाणी सांडायचे तर ते जाणार कोठे? ‘खाली’ म्हणजे पृथ्वीच्या पोटाकडे. पृथ्वी सर्व बाजूंनी आपल्याकडे ओढून धरते.

आपल्या देशात ही गोष्ट आर्यभटाने इसवी सन 499 मध्ये लिहून ठेवली. पैनगंगेच्या डोहात डोंग्यात बसून पुढे चाललो म्हणजे काठावरची झाडे मागे पळताना दिसतात, तशा अर्थाचाच दाखला त्याने नावेचा दिला. तारे स्थिर आहेत, आपण फिरतो, म्हणून ते पश्चिमेकडे जाताना दिसतात. वय वर्षे तेवीस, आणि केवढे हे धाडस! पण पुढे झाले काय? मागून आलेल्या वराहमिहिराने आक्षेप घेतला की, पृथ्वी फिरत असती तर घारीगिधाडे परत आपल्या घरट्यांत आली नसती. आमच्या वर्गातल्या पोराची शंका तीच पंडिताची शंका. फरक इतकाच की, पोराला उत्तर मिळाले आणि तो समजला. पंडितांनी मात्र आर्यभटाचे म्हणणे बाजूस सारले.

ग्रहणाच्या बाबतीत तर याहून वाईट घडले. चंद्रग्रहण ही पृथ्वीची सावली आणि सूर्यग्रहण हा चंद्राचा आडोसा, हे आर्यभटाने स्पष्ट सांगितले होते. पुढे 628 मध्ये ब्रह्मगुप्ताने ग्रंथ लिहिला. त्याचे गणित सगळे सावलीचे. सावलीची रुंदी किती, चंद्र तीत कधी शिरेल, कधी बाहेर पडेल, याचा तो बिनचूक हिशेब करतो. परंतु त्याच ग्रंथात, ग्रहणाचे कारण राहू नव्हे असे म्हणणाऱ्यांना तो दटावतो. कारण काय, तर ते श्रुतिस्मृतींच्या विरुद्ध जाते! अल्‌बिरूनी नावाचा परदेशी विद्वान इसवी सन 1030 च्या सुमारास आपल्या देशाविषयी लिहीत असता ह्याच जागी थबकला आणि त्याने आश्चर्य व्यक्त केले की, इतका जाणता माणूस असे दुटप्पी का बोलतो. बंधूंनो, आमचा तंटा गणिताशी नाही. गणित उत्तमच होते. आमचा तंटा ह्या दोन जिभांशी आहे. ओसरीवर एक सांगायचे आणि माजघरात दुसरे मोजायचे. ओसरीवर कोण बसलेले होते? कुणबी, माळी, तेली, कुंभार, धनगर. आणि ज्यांना ओसरीवरही चढू दिले नाही, ते महार-मांग बंधू ग्रहण सुटल्यावर दान मागत गल्लीतून फिरत होते. जोतीराव फुल्यांनी 1883 सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये जन्मापासून मरणापर्यंत शेतकऱ्याच्या गाठीचे कसकसे सुटत जाते याचा पाढाच वाचला आहे. त्या पाढ्यातली कितीतरी कलमे आकाशाच्या नावावर आहेत.

इतके बोलून एक न्यायाची गोष्टही बोलली पाहिजे. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे जातीने ब्राह्मण आणि पेशाने आमच्यासारखेच शिक्षक. त्यांनी 1896 मध्ये भारतीय ज्योतिषशास्त्राचा मोठा इतिहास मराठीत लिहिला आणि पंचांग आकाशाशी जुळते करावे म्हणून खटपट केली. खऱ्याला खरे म्हणताना जात विचारू नये. उलट, हल्ली भविष्याचा धंदाही एका जातीचा राहिलेला नाही. टीव्हीवर आणि मोबाईलवर खडे विकणाऱ्यांत आपलेही भाऊबंद आहेत. त्यांनाही तीच काठी लावावी.

ग्रहणाचेच आणखी थोडे. चंद्र पृथ्वीभोवती कसा फिरतो? तेल्याच्या घाण्याचा बैल आठवा. बैल घाण्याभोवती फिरतो, पण घाण्याकडे त्याची नेहमी एकच कूस असते. चंद्राचेही तसेच आहे, म्हणून त्याची एकच बाजू आपल्याला दिसते. दर महिन्यास अमावस्या येते, मग दर महिन्यास सूर्यग्रहण का नाही? कारण चंद्राची वाट पृथ्वीच्या वाटेला पाच अंशांनी तिरपी आहे. बहुतेक अमावस्यांना तो सूर्याच्या थोडा वरून किंवा खालून निघून जातो. दोन वाटा जेथे एकमेकींना छेदतात, त्या बिंदूंना जुन्या गणितात राहू आणि केतू म्हणत. वर्तुळांच्या छेदाचा बिंदू! त्याला डोके कोठचे आणि धड कोठचे?

22 जानेवारी 1898 रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणातून चढून आपल्या वऱ्हाडावरून पुलगावकडे गेली. त्या वेळी आपला जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. धामणगाव आणि पुलगाव यांच्यामध्ये रेल्वेचे तळणी नावाचे लहानसे ठाणे आहे. तेथे विलायतेहून हौशी ज्योतिर्विदांची तुकडी कॅमेरे आणि दुर्बिणी घेऊन उतरली होती. तिच्यात ॲनी माँडर नावाची बाई होती. ग्रीनविचच्या वेधशाळेत ती गणित करीत असे. लग्न केल्यावर नियमाप्रमाणे तिला ती नोकरी सोडावी लागली. बायकांच्या वाटेतले धोंडे तिकडेही होतेच. ती स्वतःचा लहानसा कॅमेरा घेऊन तळणीस आली, आणि सूर्य झाकला गेला त्या दोनेक मिनिटांत तिने सूर्याच्या तेजोवलयाचे छायाचित्र घेतले. सूर्याच्या व्यासाच्या कित्येक पट लांब गेलेला प्रकाशाचा झोत त्यात उमटला. इतका लांब झोत तोवर कोणाच्या चित्रात आलेला नव्हता. आयाबायांनो, विचार करा. सावली एकच, घटका एकच. तळणीच्या माळावर एक बाई त्या सूर्याकडे यंत्र रोखून उभी, आणि आसपासच्या खेड्यांत आपल्या पणज्या दार लावून अंधारात बसलेल्या.

येथे एक इशारा देतो, आणि तो अंधश्रद्धेचा नव्हे. ग्रहण असो नसो, सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, दृष्टी कायमची जाते. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, पाण्यातले प्रतिबिंब, यांतले काहीही चालत नाही. खास ग्रहणाचा खात्रीचा चष्मा पाहिजे. नसेल तर पुठ्ठ्याला सुईने भोक पाडून सूर्याकडे पाठ करावी आणि त्यातून कागदावर पडलेली सूर्याची आकृती पाहावी. 2 ऑगस्ट 2027 रोजी संध्याकाळच्या सुमारास आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. ढगांनी दया केली तर ते दिसेल. गरोदर बाईने त्या दिवशी जेवावे, पाणी प्यावे, भाजी चिरावी. पोटातल्या लेकराला चंद्राच्या सावलीने काही होत नाही, आईच्या उपाशीपणाने होते.

मंगळाविषयी दोनच शब्द. तो आपल्या पृथ्वीसारखाच दगडामातीचा गोळा आहे, आणि अगदी जवळ आला तरी साडेपाच कोटी किलोमीटर दूर असतो. आपल्या देशाचे मंगळयान 24 सप्टेंबर 2014 रोजी त्याच्या कक्षेत शिरले. 24 सप्टेंबर हीच 1873 साली पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला ती तारीख. हा योगायोग आहे, शुभ मुहूर्त नव्हे, पण आम्हाला तो आवडतो. ज्या मंगळावर आपण यान पाठवले, त्याच मंगळाच्या भयाने शिकलेल्या मुली घरी बसाव्यात, हे मात्र कोणालाच आवडू नये.

आता दुसरी चाल. पृथ्वी सूर्याभोवती एका वर्षात फेरी घालते. अंतर पंधरा कोटी किलोमीटर, वेग सेकंदाला सुमारे तीस किलोमीटर. उन्हाळा का होतो, असे विचारले तर पुष्कळ मुले म्हणतात की, सूर्य जवळ येतो म्हणून. हे साफ खोटे आहे. पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी, म्हणजे आपण शेकोटीपाशी बसतो तेव्हा! आणि सर्वांत दूर असते जुलैत. ऋतूंचे कारण पृथ्वीच्या कलण्यात आहे. तिचा आस साडेतेवीस अंशांच्या जरा आत कललेला आहे, आणि फेरीभर तो एकाच दिशेला, ध्रुवाच्या बाजूला, रोखलेला राहतो. रात्री उत्तरेकडे हात लांब करून क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवा, त्याच्या जरासा वर ध्रुव सापडेल. यवतमाळचा अक्षांश वीस-साडेवीस अंश, तेवढीच ध्रुवाची उंची.

या कलण्यामुळे सहा महिने आपली बाजू सूर्याकडे झुकते आणि सहा महिने मागे सरते. कास्तकाराला हे चटकन समजेल. एक पायली बी एका एकरात पेरले तर दाट पडते, दीड एकरात पेरले तर विरळ. उन्हाचेही तसेच. मे महिन्यात दुपारी जेवढे ऊन शंभर हात जमिनीवर पडते, तेवढेच डिसेंबरात तिरपे होऊन सुमारे 139 हातांवर पसरते. त्यात दिवसही लहान. जूनमध्ये आपला दिवस 13 तास 20 मिनिटांच्या जवळपास असतो, डिसेंबरात 10 तास 55 मिनिटांच्या. उन्हाची पेरणी विरळ आणि वेळही कमी, म्हणून थंडी.

ह्याच दुसऱ्या चालीतून नक्षत्रे येतात. येथे आपल्या पोटाचा प्रश्न आहे, म्हणून सावकाश बोलतो. पृथ्वी सूर्याभोवती पुढे सरकते तसा सूर्यामागचा ताऱ्यांचा पडदा बदलत जातो. रोजचे तारे चार मिनिटे आधी उगवतात, महिन्यात दोन तास. आपल्या वडिलांनी त्या पडद्याचे सत्तावीस भाग केले. एकेका भागापुढे सूर्य तेरा-चौदा दिवस दिसतो. ‘मृग निघाला’ याचा अर्थ एवढाच की, पृथ्वीवरून पाहता सूर्य मृगाच्या ताऱ्यांच्या बाजूला दिसू लागला. खरे तर दिसू लागला असेही नव्हे, कारण त्या दिवसांत मृग सूर्याच्या तेजात बुडालेला असतो. तिकांडे पाहायचे तर डिसेंबर-जानेवारीत रात्री पाहावे. हे ज्ञान अडाण्याचे नव्हे. छापील कॅलेंडर नव्हते तेव्हा वर्ष मोजण्याचे ते आपल्या वडिलांचे घड्याळ होते, आणि घड्याळ म्हणून ते चांगलेच होते.

पण घड्याळाने वेळ सांगावी. ढग आणणे हे त्याचे काम नव्हे. पाऊस समुद्रावरून येतो, वाऱ्याने येतो, जमीन आणि समुद्र यांच्या कमीजास्त तापण्याने येतो. मृगाचे तारे आपल्यापासून इतके दूर आहेत की, त्यांचा उजेड यायलाच शेकडो वर्षे लागतात. सूर्याचा उजेड येतो सव्वाआठ मिनिटांत. ते तारे वावरावर पाऊस पाडतील कसे?

शिवाय ते घड्याळही सरकते आहे. ही पृथ्वीची तिसरी चाल. भोवरा जोरात फिरत असता त्याचे डोके हळूहळू गोल झुलते, ते पाहिले आहे ना? पृथ्वीचा आसही तसाच झुलतो. एक झोका पुरा व्हायला जवळजवळ 26,000 वर्षे. त्यामुळे ताऱ्यांवरून मोजलेले वर्ष आणि ऋतूंवरून मोजलेले वर्ष यांत वीस मिनिटांचा फरक पडतो. वीस मिनिटे काय मोठी, असे वाटेल, पण सुमारे 72 वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. 1863 साली मकरसंक्रांत 12 जानेवारीला होती, 2024 साली ती 15 जानेवारीला आली. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि खरे उत्तरायण एकाच दिवशी पडत. आज सूर्य उत्तरेकडे वळतो 21-22 डिसेंबरास, आणि आपण तिळगूळ वाटतो त्यानंतर तीन आठवड्यांहून अधिक उशिराने. तिळगूळ जरूर वाटावा, गोड बोलायला तारीख लागत नाही. पण उत्तरायण कधी लागले हे विचाराल तर आपली काठी खरे सांगेल, सर्वांत लांब सावलीचा दिवस पाहा. मृगही तसाच सरकतो आहे. आज तो 7-8 जूनला निघतो. आणखी हजार वर्षांनी 21-22 जूनला निघेल. पाऊस मात्र त्याची वाट पाहत थांबणार नाही.

हा घोळ निस्तरण्यासाठी भारत सरकारने 1952 मध्ये पंचांग सुधारणेची समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते मेघनाद साहा. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या किरकोळ दुकानदाराचा हा मुलगा. कलकत्त्यास शिकत असता वसतिगृहातल्या उच्चवर्णीय विद्यार्थ्यांनी त्यांना आपल्या पंगतीस बसू दिले नाही. पुढे त्यांनीच ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांची उष्णता ओळखण्याचे सूत्र शोधले आणि जगभर नाव केले. त्यांच्या समितीच्या शिफारशीवरून 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे महिने ऋतूंना बांधलेले आहेत. सरकारी राजपत्रावर ती छापतात, परंतु आपल्या घरात तिला अजून खुंटी मिळालेली नाही.

आता ते वाहन. कोल्हा, बेडूक, म्हैस, हत्ती. हे कसे ठरते हे कोणी विचारले आहे काय? सूर्य नक्षत्र बदलतो तेव्हा सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, नवाने भागायचे, आणि बाकी राहील तो अंक पाहून जनावर काढायचे. झाले! त्यात समुद्र नाही, वारा नाही, ढग नाही. तिसरीतले पोरही हा भागाकार करील. एवढ्या भागाकारावर आपण पऱ्हाटीचे बी जमिनीत घालतो. मृगाची एक सर येते, ढेकूळ वरवर भिजते, ‘मृग साधला पाहिजे’ म्हणून गावात लगबग उडते. मग पंधरा दिवस आभाळ कोरडे. काळ्या जमिनीत कोंब करपतो. दुबार पेरणीसाठी पुन्हा बी, पुन्हा मजुरी, पुन्हा कर्ज. आपल्या जिल्ह्यात कोरडवाहू कास्तकाराच्या घरात दुबार पेरणीने काय काय नेले, हे आम्ही सांगावे असे नाही. येथे बसलेल्या कित्येकांना ते आमच्याहून अधिक ठाऊक आहे.

कृषी खाते सांगते की 75 ते 100 मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये. हे मिलीमीटर मोजायला शहाणा लागत नाही. सरळ कडांचा, बूड सपाट असलेला डबा उघड्या अंगणात, झाड आणि पागोळी यांपासून दूर ठेवा. रोज सकाळी त्यात पट्टी उभी धरून पाणी मोजा, लिहा आणि ओतून टाका. 75 मिलीमीटर म्हणजे सुमारे चार बोटे पाणी. थोड्या दिवसांत बेरीज चार बोटे झाली आणि वावरात खालवर ओल गेली, की पेरा, मग नक्षत्र मृग असो की आर्द्रा. चार बोटे नसतील, तर वाहन हत्ती असले तरी तिफण बाहेर काढू नका.

सुट्टीत मुलांना करायचे काम आता सांगतो. 22 मेला शाळा बंद असेल. ज्याने त्याने आपल्या अंगणात काठी उभारावी आणि 18 मेपासून रोज बाराला दहा मिनिटे कमी असल्यापासून साडेबारापर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा. सर्वांत आखूड सावली किती सेंटीमीटर आणि किती वाजता, हे वहीत तारखेसह लिहावे. ओळंबा गवंड्याकडून मागून आणावा आणि काम झाल्यावर परत द्यावा. ज्यांचे मामा उमरखेड किंवा वणीकडे असतील त्यांनी त्यांच्याकडूनही त्याच दिवसांची सावली विचारून घ्यावी. पावसाचा डबा 1 जूनला मांडावा. डब्याची वही मुलींनी ठेवावी असे आम्हाला वाटते, कारण गेल्या परीक्षेत दशांश अपूर्णांकांची गणिते त्यांचीच अधिक बरोबर आली होती. जूनच्या शेवटच्या आठवड्यात दोन्ही वह्या शाळेत आणाव्यात. भिंतीवर कोरा तक्ता आम्ही आखून ठेवतो.